एकतिसावी वस्तू

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आम्ही न्यू जर्सीहून शॉमबर्गला आलो, पण सामान आलंच नाही. सामान हलवणारे मूव्हर्स फोन उचलेनात. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, ऑफिसातली एक बाई मंगळवारी लायब्ररीत तक्रारी लिहून घेते, असं कळलं. मी त्रेचाळीस वस्तूंची यादी केली.

"एवढं कोण वाचणार?" नवरा म्हणाला.

तिने वाचलं. अंबाड्यातली पेन्सिल काढून, ओळ न् ओळ. मग विचारलं, "यातलं काय नसेल तर घर घर वाटणार नाही?"

"एकतीस नंबर. आईचं पुरणयंत्र."

तिने ते सगळ्यात वर लिहिलं. "मी तुमची वकील नाही हं, आम्ही सगळ्या राज्याचे. पण आमचं पत्र गेलं की हरवलेल्या ट्रकला रस्ता सापडतो!"

नवव्या दिवशी ट्रक दारात उभा! पुढच्या मंगळवारी मी पुरणपोळ्या नेल्या.

"आम्हाला भेट घेता येत नाही," ती हळहळली.

मला शंका होतीच, म्हणून नुसतं दाखवायला पुरणयंत्रही नेलं होतं. तिने त्याचा दांडा गरगर फिरवला, खळखळून हसली आणि माझ्या यादीत एकतीसवर स्वतःच्या पेन्सिलीने टिक केली.