एन्फील्डची ओटी

मला जुन्या इंग्रजी फौजी रायफलींचं वेड आहे. वेड म्हणजे वेडच! पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवतो, पण कोणी नुसतं "आमच्या घरी एक जुनी बंदूक होती" म्हटलं, की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. बायको म्हणते, "भंगारवाला परवडला, तो निदान विकतो तरी."

मागच्या उन्हाळ्यात रामाकोन्याहून एका संत्रेवाल्या शेतकऱ्याचा फोन आला. "गुरुजी, आजोबानं कामठी छावणीच्या लिलावात घेतलेली बंदूक पडून आहे. पाहता का?" पाहता का म्हणे! मी हातातला घास ताटात टाकून निघालो.

ती देवघराशेजारी भिंतीला टेकवलेली होती. खांद्याएवढी उंच, दसऱ्याच्या पूजांचं हळदकुंकू अंगावर साचलेलं. घोड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी मुकुट दिसला. एन्फील्ड! पण सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांना दिलेल्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत. गोऱ्यांच्या नळीत पीळदार खाचा. मी करंगळी आत घातली. खाचा! अरे बापरे, खाचा! करंगळी पिवळीधम्मक झाली, अन् मी नाचायचाच काय तो बाकी राहिलो.

कागद सरळ होते, सरकारनंच ती कधीची निकामी करून ठेवलेली. शेतकरी द्यायला तयारच होता. अडवलं त्याच्या म्हाताऱ्या मायनं.

"मले लेक नाही, गुरुजी. नवी नवरी होती तवा सासऱ्यानं हिले माह्या हवाली केलं. तवापासून हळद मीच लावून राहिली. लेक अशी कोणी पोत्यात घालून नेते का?"

मी आणलेलं पोतं पाठीमागं लपवलं. हाततोंडाशी आलेली एन्फील्ड चालली होती! रडवेला होऊन विचारलं, "मग कशी नेऊ, मावशी?"

"रीतीनं न्या."

तिनं रायफलीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, अन् दस्त्याला हिरवा खण बांधला. डोळ्याला पदर लावत म्हणाली, "दसऱ्याले माहेराले आणा." मी कबूल! त्या घडीला तिनं रोज आणा म्हटलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं. सौसर येईपर्यंत गाडी थांबवून थांबवून मागच्या सीटवर पाहत होतो, आहे नं म्हणून.

दसऱ्याला शब्दाप्रमाणे घेऊन गेलो. मावशी दारातच उभी, हातात भाकरतुकडा. तो बंदुकीवरून ओवाळून टाकला अन् शेजारणींना हाक मारली, "या वं, माही पोरगी आली!" बाया हसत हसत आल्या, कुंकू लावून गेल्या.

निघताना मी रायफल उचलायला गेलो, तर मावशी आडवी.

"आल्या पावली लेक सासरी जाते का? दिवाळी होऊ द्या."

साऱ्या संग्रहात तिच्या तोडीची दुसरी नाही, अन् एकदा ठेवली की परत मिळते कशाची! मुलगा मान खाली घालून उभा होता.

"गावातल्या साऱ्या पोरी येतात दिवाळीले," मावशी हळूच म्हणाली. "माह्याच दारात कधी कोणी आली नाही."

माझा हात आपोआप मागं आला.

"राहू द्या, मावशी," मी म्हटलं. "भावाले ओवाळल्याबिगर पोरगी निघते का कुठं?"