घासूमावशी आणि राखेखालचं मडकं

घासूमावशींसमोर चहा प्यायचा तर कप दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागे. शेवटचा घोट तोंडात असतानाच कप सिंकमध्ये गेलेला असायचा! खरकटं भांडं दिसलं की बाईंचे हात शिवशिवत.

नाशिकहून त्या परदेशी, आमच्या मनुरेवा उपनगरात मुलाकडे आल्या, आणि नशीब बघा, सुनेकडे डिशवॉशर. "भांडी मशीन घासतं. मी काय भिंती बघत बसू?" म्हणायच्या. मला अगदी कसंतरी झालं. मी त्यांना आमच्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये व्हॉलंटियर म्हणून नेलं. पॅसिफिकमधल्या एका बेटावर ज्वालामुखीच्या राखेखाली जुन्या पॉलिनेशियन लोकांच्या मडक्यांची खापरं सापडली होती, हजारो वर्षांपूर्वीची. ती धुवायची होती. टूथब्रश आणि पाण्याचं घमेलं बघून मावशींचा चेहरा असा खुलला म्हणता! मग दर मंगळवारी त्या माझ्याआधी तयार. सूनही खूश.

बजावलं एकच होतं. आतून काळी असलेली खापरं धुवायची नाहीत, कारण ते काळं म्हणजे करपलेलं अन्न. त्यावरून ती माणसं काय खायची ते कळतं. मावशींनी मान डोलावली. आणि मी फोन घ्यायला बाहेर गेले तेवढ्यात सगळ्यांत मोठं खापर लख्ख! तेही पर्समधून आणलेल्या तारेच्या घासणीनं.

आमच्या टोंगा बेटांवरच्या प्रोफेसरबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो मावशी, सांगितलं होतं ना!"

"सांगितलंस गं. पण हे तुम्ही काचेच्या कपाटात मांडणार, लोक बघणार. जिचं हे मडकं, त्या बिचारीला काय वाटेल? माझं करपलेलं भांडं कुणी चारचौघांत दाखवलं तर मी तोंड लपवीन."

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर प्रोफेसरबाईंना हसू आवरेना. "माझ्या आईनंही हेच केलं असतं," म्हणाल्या. पण मावशींचा ब्रश गेला तो गेलाच. बसून बघायचं, हात लावायचा नाही. वाटलं, आता कसल्या येतात! तर मंगळवारी बाई हजर. ओढणीत हात गुंडाळून नुसत्या बसायच्या. मला बघवत नसे.

पुढे मुलाला ख्राइस्टचर्चला नोकरी लागली. मावशींच्या शेवटच्या मंगळवारी नवं खोकं उघडलं. त्यात मडक्याचं अख्खं बूड निघालं, आतून काळंकुट्ट. मावशी वाकून बघू लागल्या.

"पार तळाला लागलंय गं. राख पडायला लागली म्हणून चुलीवर तसंच टाकून पळाली असेल. वाचली असेल ना?"

मी प्रोफेसरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राखेखाली भांडी खूप मिळाली. माणसाचा सांगाडा मात्र एकही नाही."

मावशींनी डोळे पुसले.

"मग राहू दे करपलेलं."