किल्ली हॅलमकडे होती

इथले मुंजा, हडळ, चकव्याचे किस्से मी जेवताना करमणूक म्हणून वाचते. विश्वास शून्य. अमरावतीला आमच्या गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की माझे बाबा तिला आधी पाणी पाजायचे आणि मग डॉक्टरकडे न्यायचे. अशा घरात वाढलेय मी, त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. एक विनंती मात्र आहे. खाली "स्ट्रेस असेल ताई" असलं काही लिहू नका. तो शब्द मी आयुष्याला पुरेल इतका ऐकलाय.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी ओहायोत राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय होता इंग्लंडमधला एक मतदारसंघ. त्याला ब्रॅकनशॉ म्हणू... खरं नाव वेगळं आहे, माणसांचीही नावं बदललीत. लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं खोरं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मतदारसंघ तयार झाला आणि तेव्हापासून एकाच गिरणीमालकाच्या घराण्यातला माणूस तिथून पार्लमेंटात जायचा. आधी आजा, मग बाप. पहिल्या महायुद्धानंतर बायकांना मताचा हक्क मिळाला, गिरणीत तर निम्म्याहून जास्त बायकाच, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ही गादी जाणार. पुढे बाप मेला, पोटनिवडणूक लागली, मुलगा उभा राहिला. त्याच्या थोडं आधी त्यांच्याच गिरणीला आग लागून वरच्या मजल्यावरच्या पोरी जळून मेल्या होत्या. स्थानिक पेपरात चार ओळी: "दुर्दैवी अपघात". आणि तरी तो मुलगा दणदणीत मतांनी निवडून आला!

का? हाच माझा प्रबंध. लायब्ररीत मायक्रोफिल्म वाचून वाचून डोळ्यांची आग व्हायची.

माझा गाइड... त्याला रॉजर म्हणू. मी लिहिलेलं मुख्य प्रकरण त्यानं अख्खा हिवाळा स्वतःकडे ठेवलं. विचारलं की "नीड्स वर्क". मधल्या काळात मी त्याची एक कॉपी पीटरला दिली होती. पीटर म्हणजे आमच्याकडे वर्षभरासाठी आलेला इंग्रज प्राध्यापक, बोलायला अगदी लंडनचा साहेब. म्हटलं, गावांच्या नावांत माझ्या चुका असतील तर सांगेल.

वसंतात डिपार्टमेंटच्या बोर्डावर दुपारच्या टॉकची नोटीस लागली. शीर्षक माझं. नाव रॉजरचं.

माझी रूममेट सुषमा, पुण्याची, बायोकेमिस्ट्रीत होती. ती म्हणाली, "तू जाऊच नकोस. रडशील तिथे."

"रडायला नाही, बोलायला जाणारे. सगळ्यांसमोर."

"मग मीही येते. तुला धरायला कुणीतरी हवं."

स्वच्छ ऊन पडलेलं होतं. लोक सँडविच खात, चिप्सची पाकिटं फोडत ऐकत बसले होते. पीटर खिडकीशी होता. रॉजर माझीच वाक्यं वाचत होता. माझी! फक्त आगीचा सगळा भाग त्यानं उडवलेला. म्हणाला, "आग ही तळटीप आहे. या बायका समाधानी होत्या. मार्केट हॉलमधली शेवटची प्रचारसभासुद्धा शांततेत पार पडली, कुणी एक प्रश्न विचारला नाही."

मी उठले. एक वाक्य घोकून आले होते: "एक्सक्यूज मी, धिस इज माय चॅप्टर." तोंड उघडलं... आणि भलताच आवाज आला.

घोगरा, मोठा, बाईचा. इंग्रजीच, पण असं इंग्रजी मी जन्मात बोलले नाही. उच्चार जाड, अर्धे शब्द गिळलेले. मला ते ऐकू येत होतं, समजतही होतं, पण थांबवता येत नव्हतं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

"शांततेत? मी विचारला होता प्रश्न! वरच्या मजल्याचं दार बाहेरून कुणी लावलं? आमची एल्सी आत होती. दारावर हात बडवत होती!"

सगळ्यांचे घास तोंडात तसेच. माझा हात उठला आणि खिडकीकडे गेला. पीटरकडे.

"त्याला विचारा. हॅलमच्या नातवाला विचारा. किल्ली हॅलमकडे होती!"

मग कुणीतरी माझे दोन्ही दंड धरले. मागून. घट्ट. सुषमा माझ्या शेजारी होती, तिच्या दोन्ही हातांत सँडविच होतं. मागे फक्त रिकामी खुर्ची. आणि तरी मला उलटं ओढत नेलं... टाचा घासत, खुर्ची पाडत, दारातून बाहेर. कॉरिडॉरमध्ये मी आदळले आणि घसा मोकळा झाला. मोकळा झाल्यावर मी मराठीत अशा शिव्या घातल्या की सुषमाला वाटलं, चला, ही परत आली.

वॉशरूममध्ये तिनं माझ्या बाह्या वर केल्या. दोन्ही दंडांवर बोटांचे काळेनिळे वळ.

"हे कुणी केलं?"

"मला काय विचारतेस? तू बघत होतीस ना!"

"कुणीच नव्हतं गं," ती कुजबुजली. "तू एकटीच मागे मागे जात होतीस. अंगात आलं होतं का तुझ्या?"

मी तिच्यावरही खेकसले.

दुसऱ्या दिवशी रॉजरनं ऑफिसात बोलावलं. आवाज एकदम मऊ. "यू आर अंडर स्ट्रेस. काउन्सेलरला भेट. आणि हे बघ, फॉल सेमिस्टरला तुझी असिस्टंटशिप रिन्यू करणं मला अवघड दिसतंय." असिस्टंटशिप गेली की व्हिसा गेला. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

"चॅप्टर माझं आहे," मी म्हटलं.

"यू सी? मी म्हणतो ते हेच," तो म्हणाला. हसून! ते हसू आठवलं की आजही माझे हात शिवशिवतात.

संध्याकाळी पीटर लायब्ररीत माझ्या टेबलाशी आला. पांढराफटक, आणि संतापलेला.

"हॅलमबद्दल तुला कुणी सांगितलं?"

"कोण हॅलम?"

"माझ्या आईचं माहेरचं आडनाव आहे ते. अमेरिकेत एका माणसाला माहीत नाही. मी स्वतः ब्रॅकनशॉला कधी गेलेलो नाही. आणि तो उच्चार... माझे आजोबा तसं बोलायचे. हा काय घाणेरडा विनोद आहे?"

"तुमच्या खानदानाची चौकशी करायला मला वेळ आहे?" मी ओरडले. "त्या माणसानं माझं काम चोरलंय, आता मला वेडी ठरवून घरी पाठवतोय. आणि तुम्हाला आडनावाची पडलीय!"

लायब्रेरियननं आम्हा दोघांना बाहेर काढलं.

मधे काही दिवस गेले. मग पीटर परत आला आणि समोर बसला. त्यानं इंग्लंडला आईला फोन केला होता. तिनं रडत रडतच सांगितलं. आजोबा, म्हणजे तेच हॅलम, त्याच गिरणीत मुकादम होते. पोटनिवडणूक झाली आणि लगेच, कुणाला न सांगता, बायकोपोरांना घेऊन त्यांनी गाव सोडलं. का, ते घरात विचारायचं नाही.

"आमच्या घरात एकही दार आतून-बाहेरून लागायचं नाही," पीटर म्हणाला. "बाथरूमचंसुद्धा नाही. आजोबांनी सगळ्या कड्या स्वतः स्क्रू काढून उखडल्या होत्या. आम्ही मुलं हसायचो त्यांना."

मला कीव नाही आली, खोटं कशाला सांगू? रागच आला.

पीटर तसाच उठून डिपार्टमेंटच्या चेअरमनकडे गेला आणि त्यानं तोंडावर सांगितलं की हे प्रकरण त्यानं हिवाळ्यातच वाचलंय, माझ्या नावानं. मला दुसरा गाइड मिळाला, असिस्टंटशिप राहिली, डिग्रीही मिळाली. रॉजरला काय झालं? काही नाही. पुढे डीन झाला.

मायक्रोफिल्म मी पुन्हा ओळ न् ओळ तपासल्या. बंद दाराचा उल्लेख कुठेही नाही. हॅलम नाही. सभेत कुणी बाई ओरडल्याचं किंवा तिला माझ्यासारखंच दंड धरून बाहेर काढल्याचं नाही. नकळत वाचलं असेल आणि डोक्यात राहिलं असेल, तर कुठे वाचलं? बरं, उच्चार कुठून आला? दंडावरचे वळ? ते सुषमानं पाहिलेत. ती आता अमेरिकेतच, प्लेनोला असते, आणि अजूनही हा विषय निघाला की "ए, नको यार" म्हणून फोन ठेवते.

नोकरी लागल्यावर मी एकदा तिथे जाऊन आले. मतदारसंघ पुनर्रचनेत कधीच शेजारच्यांत वाटला गेलाय, ब्रॅकनशॉ नावाची सीटच उरलेली नाही. चर्चच्या भिंतीवरच्या दगडात जळालेल्या पोरींची नावं आहेत. त्यात एल्सी आहे. मार्केट हॉलसमोर त्या निवडून आलेल्या मुलाचा पुतळा आहे, हातात टोपी धरलेला, खाली सगळ्या निवडणुका कोरलेल्या. मी त्याच्यासमोर उभी राहून जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांना मी विचारत फिरले. त्या सभेत जिला फरफटत बाहेर काढलं ती कोण? एल्सीची आई? बहीण? शेजारीण? कुणाला सांगता आलं नाही. एक आजी म्हणाल्या, "असेल कुणीतरी, बाई."

माझ्या तोंडून ती का बोलली, मला माहीत नाही. कसं, तेही नाही. कुणी काही स्पष्टीकरण दिलं तर ऐकीन, पटेल असं वाटत नाही. पण तिचं नाव काय होतं, एवढं तरी कुणीतरी लक्षात ठेवायला हवं होतं की नाही?