भरताच्या जाळातली टाकी

चोपड्याला माझं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. दिवसभर ऑक्सिजनच्या सिलिंडरांशी गाठ, म्हणून नाना आपली टाकी घेऊन माझ्याकडेच आले. विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी बुडी मारून काढणारा पंचक्रोशीत हा एकच माणूस. साठी उलटली आणि दम पुरेना, तेव्हा त्यांनी जळगावच्या भंगारातून पाणबुड्याची जुनी पोलादी टाकी उचलली.

"आते मन्हा दम या टाकीमा शे," ते म्हणाले. ती माझ्या तपासणीत पास झाली तरच नाना पुन्हा विहिरीत उतरणार होते.

मीही हरखलो. तारेच्या ब्रशनं टाकीचा खांदा घासला, तसे ठोकलेले आकडे दिसले. कुठल्या साली तपासली, किती दाब सोसते, सगळं होतं. पान्यानं हलकेच ठोकलं, आवाज खणखणीत. तोटी नानांनी आधीच काढली होती. तोंडातून बारका दिवा आत सोडला, तर गंजाचा नुसता पातळ थर. शंभर नंबरी माल! पण बाहेर रंगाचा टवकाही उरलेला नाही, पोलाद निळंकाळं पडलेलं, आणि वास चक्क भाजलेल्या वांग्यांचा.

"नाना, रंग कसा काढला?"

"वावरमा भरीतनी पार्टी व्हती. पऱ्हाट्यासना जाळ व्हता, वांगासना बाजूले ठी दिनी. बठ्ठा रंग जळी गया!"

मी कपाळावर हात मारला. कपाशीच्या काड्यांचा जाळ तो! त्यात पोलादाचा कस जातो, आणि वरून काही कळत नाही. हवा ठासून भरली की अशी टाकी पाठीवरच फुटायची. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही.

"भरतापायी जीव देता का?" मी ओरडलो. "हिच्यात मी हवा भरू देणार नाही!"

नाना टाकी उचलून चालते झाले, ते आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्यांची गल्ली चुकवून जायचो. नवव्या दिवशी तेच टाकी घेऊन दारात उभे.

"कापी टाक. शाळाले घंटा व्हई."

बूड कापून टाकी शाळेत गळ्यानं टांगली. पहिला टोला नानांनीच दिला आणि जुन्या सवयीनं छाती भरून दम धरला. घंटा घुमतच राहिली. नानांचा श्वास आधी सुटला. लालबुंद होऊन ते हसायला लागले.

"टाकीना दम मन्हापेक्षा जास्त शे, भाऊ. आते मी वरच बरा."