दुसऱ्याच्या ओठांवरचा आवाज

मो युन-लामने पडद्यावर पिस्तूल रोखून "हलू नकोस" म्हटलं की हाँगकाँगची सगळी थिएटरं चिडीचूप व्हायची. पण मो होता शांघायचा. त्याचं कँटनीज, म्हणजे हाँगकाँगची भाषा, ऐकून खुनीसुद्धा हसत सुटला असता. ते "हलू नकोस" म्हणायचा क्वान सिक-हुंग. कोंदट स्टुडिओत, पायात सपाता, नजर मोच्या ओठांवर. मोच्या सगळ्या रहस्यपटांना आवाज त्याचाच, नाव मात्र कुठेच नाही. तेव्हा तशी पद्धतच नव्हती. एकदा एका टॅक्सीवाल्याने त्याला सुनावलं होतं, "काका, मो युन-लामची नक्कल बरी करता, पण त्याची सर नाही हं!" हा किस्सा सिक-हुंगने कित्येक वर्षं रंगवून सांगितला.

मग घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि जीव वाचवला. सिक-हुंग हातवाऱ्यांनी भांडायला शिकला. बायको पुई-लान शेजारणींना सांगायची, "बरं झालं बाई, घरात शांतता आली. आता प्रत्येक भांडण मीच जिंकते."

नात सिन-यू जन्मली ती ऑपरेशननंतर. आजोबांचा आवाज तिने ऐकलाच नव्हता, आणि एकदा तरी तिने तो ऐकावा एवढीच म्हाताऱ्याची हौस उरली होती. त्या सिनेमांच्या घरातल्या जुन्या कॅसेटींना दमट हवेने बुरशी लागली आणि त्या कचऱ्यात गेल्या. त्यामुळे मोच्या रहस्यपटांचा डिस्कचा संच निघाल्याचं कळताच सिन-यू शाम शुई पोच्या बाजारात जाऊन तो घेऊन आली. सिक-हुंग सकाळीच न्हाव्याकडे जाऊन आला होता, जणू पडद्यावर तोच दिसणार होता.

पहिली डिस्क लावली. मोने तोंड उघडलं आणि कुणा तरुणाचा गुळगुळीत आवाज बाहेर पडला.

"आजोबा, हेच तुम्ही?"

त्याने नाही म्हणून जोरजोरात हात हलवला. डिस्क काढणाऱ्या कंपनीने सगळं नव्याने डब करून घेतलं होतं. दुसऱ्या डिस्कमध्ये तेच, तिसरीतही तेच. सिक-हुंगला भयंकर वाईट वाटलं. गळा तर गेलाच होता, आता मोचे ओठही गेले. तो उठायला लागला.

"बसा हो! एवढ्यात काय रुसताय? शेवटची राहिलीय अजून," सिन-यूने त्याची बाही ओढली.

शेवटच्या डिस्कवर पर्यायांच्या अगदी तळाशी 'मूळ आवाज' असं लिहिलेलं सापडलं. तिने तो निवडला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्यावर अंधारा जिना होता. पोलिसांना चुकवून आलेला मो एका दारावर थाप मारत होता.

"ऐकलंस का? दार उघड. मी आलोय."

आवाज जरासा खरखरीत होता, आणि त्यात धाप लपवलेली होती. सिन-यूने आजोबांकडे पाहिलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि मान डोलावली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पुई-लान ओरडली, "आले रे बाबा, आले! किल्ली परत विसरलास ना?"

माशाच्या वासाचे हात नवऱ्याच्याच जुन्या बनियनच्या फडक्याला पुसत ती तरातरा आली, दोघांच्या समोरून सरळ गेली आणि तिने दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

ती वळली. नवरा सोफ्यावर बसला होता, तोंड मिटून. ती येऊन त्याच्या शेजारी बसली.

"परत लाव गं," ती नातीला म्हणाली.