आबांनी भिंतीला मारलेलं पाणी

आई गेल्यापासून माझे वडील, आबा, पालीला एकटेच राहात होते. भोरला आमच्याकडे राहायला या म्हटलं की उत्तर ठरलेलं. "लेकीच्या दारात किती दिस पडून ऱ्हायचं? रातभर खोकतो मी. जावयाची झोप मोडायची." मीही हट्टाला पेटले. आमचा हॉल ऐसपैस आहे. मधे भिंत घालून त्यांना वेगळी खोलीच करून देते, मग बघू कसे नाही म्हणतात.

मिस्त्री चार महिने "उद्या येतो" म्हणत होता. शेवटी नवऱ्याने मोबाईलवर बघून जाहीर केलं, की जिप्सम बोर्डाची भिंत आपली आपणच उभी करायची. मोबाईलमधला माणूस एकटा शीळ घालत बोर्ड लावत होता. आम्ही दोघांनी पहिला बोर्ड उचलला तेव्हा तो पंख्यात अडकला. मग नवरा बोर्ड पत्र्याच्या चौकटीवर डोक्याने दाबून धरायचा आणि मी स्क्रू मारायचे. काही स्क्रू इतके आत गेले, की ते कुठे गेले हे आजही कोणाला माहीत नाही. त्या एका रविवारी आम्ही वर्षभराचं भांडून घेतलं. पण भिंत उभी राहिली. जरा स्वयंपाकघराकडे झुकलेली, पण उभी.

आबा बघायला आले, पिशवीत चार दिवसांचे कपडे घेऊन. भिंतीवरून हात फिरवून "बरी हाय" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामावर गेलो.

संध्याकाळी येऊन बघते तो काय, भिंतीला पोट सुटलेलं, खाली तळं साचलेलं आणि आबा बादली-तांब्या घेऊन शांतपणे उभे.

"तिसऱ्यांदा पानी मारलं," ते म्हणाले. "नवी भिंत हाय. तुमी दोगंबी निगून गेला, मग पानी कोन मारनार?"

माझा पारा चढला. "आबा, ही काय सिमेंटची भिंत आहे का? पुठ्ठ्यासारखी फुगते ती पाण्याने. विचारायचं तरी."

त्यांनी तांब्या ठेवला आणि कोपऱ्यातली पिशवी उचलली. महिनोन्महिने विनवण्या करून आणलेला माणूस मी एका भिंतीपायी घालवला होता.

"आबा, रागावून जाऊ नका."

"जातोय कुठं? कापडं भिजाय लागली, ती उचलतोय." पिशवी खुर्चीवर ठेवून ते म्हणाले, "पाव्हना म्हनून आलो असतो तर च्या पीत बसलो असतो. हितं ऱ्हायचं ठरवलं, म्हनून तर पानी मारलं."

नवरा फडकं शोधायला गेला. मी तिथेच, त्या पाण्यात उभी राहून रडले.