माळावरचा म्हसोबा

प्लेग ओसरला तरी आम्ही जुन्नरात परत गेलो नाही. साथीत सगळं गाव वेशीबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. पुढे बरेच जण परतले, आमच्यासारखी काही घरं तिथंच राहिली. कुडाच्या भिंती झाल्या, कौलं चढली, एका मारवाडी शेटजींनी किराणा मांडला. सोय म्हणाल तर कसलीच नव्हती. पाणी कुकडीचं. आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे गेलेले, त्यामुळे गरोदर असले तरी घागरी घेऊन नदीची चढण चढायची ती मीच.

एके सकाळी साखळी घेऊन मोजणीदार आला. त्यानं माळभर चुन्याच्या रेघा ओढल्या, आमच्या अंगणाच्या कोपऱ्याशी दगड पुरला आणि त्यालाही चुना फासला.

"बाई, वस्ती वाढतेय," तो म्हणाला. "इथं हौद होणार. खापरी नळानं पाणी येईल, रस्त्याला कंदील लागतील."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पण तो दाखवायची चोरी होती. प्लेगातही असेच गोड बोलणारे आले होते. चार दिवसांपुरतं म्हणून मामंजींना छावणीतल्या इस्पितळात नेलं, ते परत आले नाहीत, आणि मागे दारावर राहिली ती चुन्याचीच खूण.

"फुकाट पाणी देत्यात व्हय!" आत्याबाई म्हणाल्या. "आदी मोजत्यात, मंग उठिवत्यात."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचं तर घर पोळलं होतं. 

मंगळवारी आत्याबाईंनी तेलात शेंदूर कालवून त्या दगडाला थापला, नारळ फोडला आणि जाहीर केलं, ह्यो म्हसोबा. तेल शेटजींनी दिलं. ते जैन. "आपला देव नाही," ते म्हणाले, "पण कामाचा आहे."

काही दिवसांनी मोजणीदार गडी घेऊन आला. गड्यांनी शेंदूर पाहिला, कुदळी खाली ठेवल्या आणि हात जोडले.

"हा देव कधीचा?"

"लई जुना," आत्याबाई म्हणाल्या.

शेंदराखालून त्याचाच चुना डोकावत होता. मोजणीदारानं तो पाहिला आणि साखळी उचलून तो ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे गेला. त्याला सगळं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. शंका एवढीच, की पलीकडच्यांनी त्याचे हात आधीच ओले केले होते की काय.

हौद पलीकडे झाला. खरोखरच झाला, पाणीही आलं. आम्ही घागरी घेऊन गेलो तर तिथल्या बाया म्हणाल्या, "तुमचा देव हाय न्हवं? त्येच्याकडं मागा." कोणाला उठवायला कोणी आलं नाही.

आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग काठी टेकत कचेरीत जाऊन आल्या. नळाला लागणारा उतार आमच्याच कोपऱ्यातून होता, जागा मोकळी केली तर नळाचा फाटा देऊ, असं तिथं त्यांना सांगण्यात आलं. त्या दगड हलवायला निघाल्या तर सगळी वस्ती आडवी आली. कोणाची हरवलेली गाय सापडली होती, कोणाच्या मुलाचे आलेले डोळे बरे झाले होते. शेटजींचा तर नारळांचा धंदा जोरात होता. "देवाला हात लावाल तर याद राखा," असं त्या आत्याबाईंनाच ऐकवलं गेलं.

माझी मुलगी वर्षाची झाली तरी मी नदीचंच पाणी आणत होते. त्यात म्हसोबाला रोज आंघोळ. एका उन्हाळ्यात चढण चढून आले, घागर आपटली आणि म्हटलं, "आत्याबाई, आज त्याचं पाणी तुम्ही आणा."

त्या उठल्या, वाकून चढणीकडे पाहिलं आणि परत बसल्या.

"ऱ्हाऊ दे आज," त्या म्हणाल्या. "त्येला काय व्हतंय? दगूडच त्यो."

हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती दिवस थांबले होते! पण मुलगी त्या दिवशी तापानं फणफणली होती. मी घागरीत तांब्या बुडवला आणि दगडाला आंघोळ घातली.